ताई पाण्यात, मी वाळूवर

त्या सकाळी अजमानच्या समुद्रात शर्यतीला उतरलेल्यांपैकी एकालाही जीवरक्षकांना उचलावं लागलं नाही. उचलावं लागलं ते मला. मी वाळूवर उभा होतो.

बुडालो तो कोरडाच बुडालो. आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता आणि हातात आईच्या पिवळ्या साडीचा झेंडा होता. का आणि कशासाठी ते सांगतो. पण आधी गोधडीचं सांगायला हवं. ती गेल्या आठवड्यात आमच्या दुबईतल्या अल बर्शाच्या घरात येऊन पडली नसती, तर हे सगळं एवढं वर आलंच नसतं.

ताई पुण्याहून सुट्टीला आली. तिने बॅग उघडली आणि भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ असं एकेक काढत तळाशी गेली, तर तळाला गोधडी. आईने रेवासाठी शिवलेली. रेवा म्हणजे माझी मुलगी, दुसरीत आहे, आणि मराठी सगळं समजूनही उत्तरं इंग्रजीत देते.

"बट आत्या, वी हॅव ब्लँकेट्स," ती म्हणाली.

"असू देत. ही अंगावर घेऊन बघ, मग बोल."

गोधडी उलगडली आणि मधोमध तो पिवळाधम्मक चौकोन दिसला. कडेला बारीक रफू. झेंड्याच्या काठीच्या खिळ्याला लागून फाटलं होतं ते तिथेच. मी नाक लावलं. डांबरगोळीचा वास आला, आईच्या कपाटाचा आला, आणि शपथेवर सांगतो, त्याच्याही खाली खाऱ्या वाऱ्याचा आला. ताई म्हणेल, याला काहीही वास येतात.

"ओळखलंस?" तिने विचारलं.

मी गप्प. ही घटना आमच्या घरात तशी विरळाच.

त्या शर्यतीच्या वेळी आम्ही शारजात राहायचो. तिसरा मजला, खाली कॅफेटेरिया. संध्याकाळी उकळत्या दुधाचा आणि वेलचीचा वास सरळ बाल्कनीत चढायचा. वरच्या घरातल्या एसीचं पाणी आमच्या एसीच्या पत्र्यावर टप टप पडत राहायचं, आणि आम्हा भावंडांना त्या आवाजाशिवाय आजही गाढ झोप येत नाही. उन्हाळ्यात दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरायची. बाल्कनीच्या दोरीवर कायम ताईचा पोहायचा पोशाख वाळत असे. वाळला की त्याच्यावर मिठाची पांढरी नक्षी उमटायची. आई ती नखाने खरवडून बघायची आणि म्हणायची, "एवढं मीठ हिच्या अंगात जातं, मग आमटीत घालायला का विसरते कोण जाणे."

शुक्रवारी पहाटे आम्ही अजमानला जायचो. बाबांची गाडी, काचा खाली, रस्ता रिकामा. इतर दिवशी तोच रस्ता माणसाचा जीव खायचा. ताई दुबईच्या ऑफिसानंतर तिथल्या तलावात पोहून परतताना त्या गर्दीत दोन-दोन तास बसायची आणि तिचे केस ओलेच असायचे. पण शुक्रवारी वाट मोकळी असे. अजान सुरू व्हायची, आधी एका मशिदीतून, मग जराशा अंतराने दुसरीतून, मग लांबच्या तिसरीतून, जणू कुणी एकामागून एक खिडक्या उघडत चाललंय. बाबा त्या वेळी रेडिओ बंद करायचे. कुणी सांगितलं नव्हतं. करायचे.

किनाऱ्यावर इनास सर आधीच आलेले असत. वसईचे, एका शाळेत पीटी शिकवायचे, आणि शुक्रवारी समुद्र शिकवायचे. गुडघाभर पाण्यात उभं राहून ते अंगठ्याने कपाळावर छोटासा क्रूस काढत. ताई त्यांच्या शेजारी वाकायची, बोटं पाण्याला लावायची आणि मग डोळ्यांना. पाय लावायच्या आधी हात लावायचा, ही आईची शिकवण. एरवी चुकून कुणाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो ना, तसाच. समुद्राला तर मुद्दाम पाय लावायचा, म्हणून माफी आधीच मागून ठेवायची. मागून अजानचा शेवटचा सूर विरत असायचा. एवढं झालं की सर म्हणायचे, "यल्ला, बाय," म्हणजे चल, पोरी. आणि ती दोघं काळ्या पाण्यात शिरायची, आणि पाणी हळूहळू राखाडी व्हायचं, मग चांदीसारखं. मी काठावर उभा असायचो. मला पोहता येत नव्हतं. अजूनही येत नाही.

मी झेंडा धरला त्याच्या आदल्या वर्षी ताईने हीच शर्यत अर्ध्यात सोडली होती. बचावाच्या बोटीतून ती परत आली ती करड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली, ओठ निळे, कोणाकडे न बघता. काय झालं हे तिने एकदाच सांगितलं, तेही आईला, भाजी चिरता चिरता. "खाली बघितलं तर तळ नव्हता." बस. त्यानंतर किती तरी आठवडे ती तलावातसुद्धा उतरली नाही. दोरीवर पोशाख नव्हता. त्या दोरीकडे बघायचं आम्ही सगळेच टाळायचो.

आणि पुढचं वर्ष शेवटचं होतं. बाबांच्या कंपनीचं खलास झालं होतं, जूनमध्ये सगळं बांधून पुण्याला जायचं ठरलं होतं. म्हणजे हा समुद्र, हे अंतर, ही शर्यत, एकदाच. नाही तर आयुष्यभर ते करडं ब्लँकेट अंगावर.

सरांनी तिला परत आणली, पण पोहायला नाही. झोपायला. "पोरी, समुद्रावर झोपायला शीक आधी," म्हणाले. ती पाठीवर पडायची, सर तिच्या पाठीखाली तळवा धरून उभे. हात-पाय मारायचे नाहीत, काही करायचं नाही. मी काठावरून बघायचो. कंटाळवाणं काम, वाटायचं. ती आधी लाकडासारखी ताठ. मान उचलायची, पाय बुडायचे, खोकायची, परत पडायची. असे कितीतरी शुक्रवार. एकदा मात्र ती बराच वेळ पडून राहिली. पाणी तिला वर घ्यायचं, खाली सोडायचं, आणि तिचा चेहरा आम्ही लहानपणी पाहिलेला चेहरा झाला होता, दुपारी झोपलेल्या मुलीचा. डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली, "सर, हात काढू नका हं."

"कधीच काढला, बाय," सर म्हणाले. ते दहा हात लांब उभे होते.

त्या क्षणी ती बुडेल असं मला वाटलं. ती बुडाली नाही. हसली, तशीच पडून. मी मोठेपणी पुष्कळ देवळांत गेलोय, रांगा लावून गाभारेही पाहिलेत. पण श्रद्धा म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मला ते राखाडी पाणी दिसतं आणि तिच्या पाठीखालची ती रिकामी जागा.

आता माझं काम सांगतो. मी तिचा मानसिक प्रशिक्षक होतो. नेमणूक मीच केली होती. वय एकोणीस, अनुभव शून्य, पण इंटरनेटवर प्रेरणादायी भाषणं भरपूर ऐकलेली. मी फ्रिजवर चिठ्ठ्या लावायचो. 'लाटा माझ्या गुलाम आहेत.' 'आज मी शार्क आहे.' आई त्यांच्याच पाठीवर कोथिंबीर, गवार, दोन नारळ असं लिहून बाबांच्या हातात द्यायची. सुपरमार्केटच्या काउंटरवर बाबांनी एकदा खिशातून 'मी शार्क आहे' काढून दाखवलं होतं.

"हे लिहिणारा," बाबा घरी येऊन म्हणाले, "बाथटबमध्येसुद्धा काठ धरून बसतो."

ताईची तऱ्हा वेगळी. ती संध्याकाळी भिंतीला टेकून बसायची, डोळे मिटून, आणि हाताची बोटं किंचित हलत असायची. मी विचारलं, काय करतेस, व्हिज्युअलायझेशन का? ती म्हणाली, "पुढचा हात." "म्हणजे?" "सर म्हणतात, अख्खा समुद्र कुणालाच पोहता येत नाही. एक हात पोहता येतो. मग पुढचा." मला हे फारच साधं वाटलं. चिठ्ठीवर लिहिण्याजोगं नव्हतं.

शर्यतीच्या आधीच्या शुक्रवारी नजरेचा विषय निघाला. समुद्रात पोहणाऱ्याला मधून मधून डोळे वर काढून काठावरचं काहीतरी बघावं लागतं, नाहीतर तो सरळ जातोय असं समजून भलतीकडेच जातो. परतीची वाट तर उगवत्या उन्हात होती. समोरून तिरीप येणार, शेवटची कमान बुटकी, पाण्यावरचे केशरी फुगे दिसणार नाहीत.

"उंच काहीतरी धर," सर म्हणाले. "न हलणारं. ती मशीद बघ कमानीच्या मागे. मिनार आहे."

मी मध्ये पडलो. "सर, मिनाराला ताईबद्दल काय वाटतं? खेळाडूला आपलं माणूस दिसलं पाहिजे. मी झेंडा घेऊन उभा राहतो."

सरांनी विचारलं, "हलणार नाहीस?"

"खांब, सर. खांब."

"असू दे, सर," ताई हसून म्हणाली. "त्याला काहीतरी काम लागतं." आणि मग टॉवेलने कान पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, "तू दिसलास तर बरंच वाटेल मला."

तिने असं काही माझ्याबद्दल म्हणायची ती पहिली वेळ. मी हवेतच गेलो. आईची हळदीकुंकवाला आलेली पिवळी साडी मागितली, पडद्याची लांब काठी काढली, खिळे ठोकले. एवढ्यावर थांबायला हवं होतं.

शर्यतीच्या आदल्या दुपारी मी देव्हाऱ्यासमोर उभा राहिलो. आमचा देव्हारा स्वयंपाकघरातल्या कपाटात, तांदळाच्या डब्याशेजारी. हात जोडून बोललो: ताई पाण्यातून सुखरूप बाहेर येईपर्यंत मी पाण्याचा थेंब घेणार नाही. तर्क असा की, वरच्या मजल्यावरचे चाचा अख्खा रमजान रोजे ठेवून कामावर जात होते, मग मला एक रात्र आणि एक सकाळ काय जड आहे? चाचा पहाटे उठून पोटभर खाऊन-पिऊन घेत, हा तपशील मी सोडून दिला. आणि दुसरा तपशील असा की, नवस बोलायच्या पाचच मिनिटं आधी मी सुक्या बोंबलाची चटणी आणि तीन भाकऱ्या हाणल्या होत्या. त्या तोंडाने मी देवाशी बोललो. देवाने तेव्हाच मान फिरवली असणार.

रात्रभर जीभ टाळूला चिकटलेली. घरात कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर पुण्य कमी होतं असं ऐकलं होतं.

सकाळी समुद्र तेलासारखा पडलेला. मे महिना, वारा नाही, हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसणारी. काठावर व्हॅसलीनचा वास, रबराच्या टोप्यांचा, कापलेल्या संत्र्यांचा. त्या संत्र्यांकडे मी पाहिलं नाही. सगळे एकमेकांच्या पाठीला व्हॅसलीन चोळत होते, नाना देशांची माणसं, आणि कुणीही मोठ्याने बोलत नव्हतं. ताई वाकली, पाण्याला बोटं लावली, डोळ्यांना लावली. सरांनी कपाळावर अंगठा फिरवला. भोंगा वाजला, पाणी एकदम पांढरं झालं, आणि मग त्या पांढऱ्याचे ठिपके होऊन ते लांब लांब गेले.

मी कमानीमागे काठी रोवून उभा. खांब. पहिला तासभर खरंच खांब. मग सूर्य इमारतींच्या मागून वर आला आणि मानेवर बसला. शेजारी जीवरक्षकांचा मनोरा होता, त्याची सावली वाळूवर पडलेली. मी जरासा सावलीत झालो. सावली सरकली, मीही थोडा सरकलो. काठी मात्र सरळ धरली होती, बरं का. लांबवर ताईची लाल टोपी फुग्याला वळसा घालून परत फिरली, मी झेंडा हलवत सावलीबरोबर सरकत राहिलो, ती परतीच्या मध्यावर आली, आणि माझ्या लक्षात आलं की समुद्र माझ्या डाव्या हाताला उभा राहिलाय.

पुढचं मला सांगितलं गेलं त्यावरून सांगतो. मी आधी काठीला मिठी मारली, मग काठीसकट आडवा झालो. आई धावत आली. आधी माझ्याकडे बघितलं, मग समुद्राकडे, आणि काय करावं ते न सुचून झेंड्याच्या साडीवरची वाळू झटकायला लागली.

डोळे उघडले तेव्हा मी तंबूत होतो. वर एक दाढीवाला जीवरक्षक, पेशावरकडचा.

"रोजा?" त्याने विचारलं.

"नहीं," मी म्हटलं. "नवस. बहन के लिए."

"बहन तैर रही है, हबीबी. तू क्यों मर रहा है? पानी पी."

मी ओठ मिटून मान हलवली. ताई बाहेर आली नव्हती. त्याने सुस्कारा सोडून अख्खी बाटली माझ्या डोक्यावर रिकामी केली. नाका-तोंडात गेलं तेवढं पाणी धरायचं की नाही, हा प्रश्न मी शास्त्र जाणणाऱ्यांवर सोडतो.

मग मला झेंडा आठवला. झेंडा पडला होता. ती मध्यावर, समोरून ऊन, डोळे वर काढले की काठावर काहीच नाही. खाली तळ नाही. करडं ब्लँकेट मला स्पष्ट दिसलं. मी कोपरावर उठलो. "सर, झेंडा! कुणीतरी झेंडा धरा ना."

सर तंबूच्या तोंडाशी उभे होते, भुवयांवर हात धरून, पाण्याकडे बघत. त्यांच्या पायाशीच काठी पडलेली. ते वाकले नाहीत.

"नको," म्हणाले.

"अहो सर—"

"पडून राहा. बोलू नकोस."

मला वाटलं त्यांनी आशा सोडली. आई माझ्या उशाशी बसली, तिचे ओठ हलत होते. बाबा पँट न दुमडताच पाण्यात घोट्यापर्यंत गेलेले. तंबूच्या कापडाच्या फटीतून मला समुद्राची एक पट्टी दिसत होती, पांढरी, डोळ्यांना टोचणारी. त्या पट्टीत काहीच नव्हतं. बराच वेळ काहीच नव्हतं. मग एक हात आला. वर आला, पुढे पडला. मग दुसरा. घाई नाही, लटपट नाही. बारीक लाल टोपी, आणि हात, आणि हात. माझ्यासाठी बाकीचे आवाज बंद झाले. एवढं मोठं ते पाणी, आणि त्याच्यातून एकच माणूस, आम्हाला ठाऊक असलेलं, आमच्यात बसून जेवणारं, आमटीत मीठ विसरणारं, एक-एक हात टाकत येत होतं, आणि त्या क्षणी ते आमचं कुणी वाटत नव्हतं. आईने पदर डोक्यावर घेतला. देवळात घेते तसा.

ती पाण्यातून उभी राहिली. खांद्यावर जेलीफिशचा लाल वळ, डोळ्यांभोवती चष्म्याची वर्तुळं, पाय जमिनीला नवे असल्यासारखे. कमानीतून गेली. आणि आमच्याकडे यायच्या आधी ती मागे वळली, परत पाण्यापर्यंत गेली, वाकली, आणि बोटं पाण्याला लावून डोळ्यांना लावली.

सरांनी भुवयांवरचा हात खाली घेतला. मग बाबांना एवढंच म्हणाले, "अर्ध्यापर्यंत नागमोडी आली. नंतर सुतासारखी."

ते वाक्य मी झेललं. ज्या क्षणी माझी शुद्ध गेली, त्याच क्षणी ती सरळ झाली. हिशेब उघड होता.

जूनमध्ये घराची बांधाबांध झाली. दोरी सोडली, फ्रिज विकला, त्याच्या दारावर माझ्या चिठ्ठ्यांच्या चिकटपट्ट्यांचे पिवळे डाग राहिले. खालचं कॅफेटेरिया आता नाही, तिथे मोबाइलचं दुकान आहे. सर वसईला गेले आणि तिथेच गेले. मी नोकरीसाठी परत आलो, लग्न केलं, आणि हा किस्सा गणपतीच्या जेवणांत, ऑफिसच्या लंचमध्ये, लोकांना नको असतानाही सांगत आलो. दर वर्षी त्यात थोडी भर पडली. अलीकडच्या आवृत्तीत ताई मध्यावर डोळे वर काढते, भाऊ कोसळलेला बघते, आणि तिच्या अंगात वीज संचारते. लोकांचे डोळे पाणावतात. माझेही.

काल पहाटे आम्ही अजमानला गेलो. मी, ताई, आणि गोधडीत गुंडाळलेली रेवा मागच्या सीटवर. ब्लँकेट्स आहेत म्हणणारी गोधडी सोडायला तयार नव्हती. काठावर उंच हॉटेलं उभी राहिलीत, पण अजान तशीच आली, एकीमागून एक. ताई आता पुण्यात मुलांना पोहायला शिकवते, गुडघ्यांची कुरकुर आहे, केस पिकलेत. ती वाकली, बोटं लावली, आत गेली, आणि थोड्या अंतरावर पाठीवर पडून राहिली. पाणी तिला वर घ्यायचं, खाली सोडायचं.

"बाबा, इज शी स्लीपिंग?" रेवाने कुजबुजत विचारलं.

"हो," म्हटलं. "तिला येतं ते."

ती बाहेर आली, माझ्या शेजारी वाळूवर बसली, केसांतलं पाणी पिळलं. मी इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं. आवाजही तसाच लावला, जरा भरून आलेला. "ताई, त्या दिवशी मी पडलेला दिसलो, तेव्हा नेमकं काय झालं तुला?"

"पडलास कुठे दिसलास? पिवळं दिसेनासं झालं एवढंच. मला वाटलं तुला भूक लागली, काहीतरी खायला गेला असशील."

"आणि मग?"

तिने हनुवटीनेच आमच्या मागे दाखवलं. मी वळलो. मिनार तिथेच होता, उन्हाच्या आधीच्या उजेडात काळाशार.

"तुझ्या मागे तो होता," ती म्हणाली. "तू उभा होतास तोवर सारखा सावलीकडे सरकत होतास, शहाण्या, आणि मी तुझ्यामागे वाकडी वाकडी पोहत होते. तू गेलास, तेव्हा कुठे मी सरळ आले."